फरशीवरचं नाव

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी वांगी चिरताना तिला दोनदा धाप लागली. मी पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

"आधी देवळाचा सभामंडप. शब्द दिलाय मी. तिची काळजी देवाला आहे."

आई विळीवर वाकली.

तेराव्याला देवळाचे पंच आले. जेवण झाल्यावर बाबांना हळूच म्हणाले, "देणगीदारांच्या फरशीवर 'सौ. सुमती' कोरायचं ठरलं होतं. आता 'कै.' करू ना?"

"करा. पुण्य तिलाच लागू दे."

मी विड्यांचं तबक खाली ठेवलं.

"आईचं नाव नको," मी म्हणाले. "तिच्या ऑपरेशनचे पैसे तिला न विचारता तुम्ही दिलेत, बाबा. पुण्यही तुम्हीच ठेवा."