तुतवारांचा पाहुणचार

पक्ष्यांच्याच आवाजात साद घालणारं हाक-यंत्र सुरू झालं आणि सायबेरियाला निघालेला तुतवार पक्ष्यांचा थवा आभाळातून खेचल्यासारखा चिंचसांगवीच्या तळ्यात उतरला. सरपंच घोगऱ्यांनी टाळ्या पिटल्या. पाहुणे येणार म्हणून त्यांनी तळ्यातला सगळा गाळ उपसून तळाला पांढऱ्या फरश्या बसवल्या होत्या.

पक्षी चोची मारत होते. नुसतीच टकटक वाजत होती.

"हे खाणार काय?" उद्घाटनाच्या सप्ताहात कीर्तन करायला आलेल्या यमुनाबाईंनी विचारलं.

"घाण होती हो बाई! किडे वळवळायचे."

"तेच त्यांचं पक्वान्न होतं, शहाण्या! पोट भरल्याशिवाय पुढचं आभाळ कापायचं कसं त्यांनी? यंत्र बंद कर. नदीच्या चिखलात जाऊ देत."

"संध्याकाळी मंत्री येतायत. फोटो झाले की करू. तुम्ही आरंभा."

"पाहुणे उपाशी ठेवून हरीचं नाव? माझी जीभ नाही रेटत."

त्यांनी गळ्यातली वीणा काढून सरपंचांच्या गळ्यात घातली. चालू सप्ताहातली वीणा भुईला टेकवायची नसते, ती घेऊन पळायचंही नसतं. सरपंच जागीच खिळले.

बाईंनी जाऊन यंत्राची वायर उपटली. थवा उठला, नदीकडे वळला.

"आता मंत्र्यांना वाढ त्या फरश्या," त्या म्हणाल्या.