विजेची ज्योत

हेमचंद्र मास्तरांना घरात आलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नसे. लेक कर्जतला सासरी स्टोव्हच्या भडक्यात गेली, तेव्हा जावयाने तिच्या फोटोपुढे लावायला ज्योतीसारखा थरथरणारा विजेचा दिवा आणला. म्हणाला, "मामा, खरी ज्योत आता बघवत नाही."

मास्तरांनी दिवा त्याच्यादेखतच उघडला.

"बघा सुहासराव, आत जाळ नाहीच. दोन पत्रे आणि थोडा गॅस. लांबून मात्र खरं वाटतं."

"तुम्ही पण ना, मामा!"

"आता तो स्टोव्हही द्या आणून. उघडून बघतो."

नाही म्हणायला जावयाला कारण सुचेना. आठवड्याने कर्जतहून स्टोव्ह आला, चेपलेला, बाहेरून काळाठिक्कर. मास्तरांनी पंप काढला आणि टाकी हुंगली.



त्या टाकीला रॉकेल कधी शिवलंच नव्हतं.