भिंतीआडचा गड

"आईला उपाशी ठेवू नकोस. आणि तिचा नेम मोडू देऊ नकोस."

तापात जाताना सहादेवने बायकोचा हात धरून एवढंच सांगितलं होतं. सकाळी अंगणात उभं राहिलं की मनकर्णेला तो आवाज ऐकू यायचा. आजही आला. समोर शेठच्या नव्या इमारतीची भिंत होती, तीन मजले उंच. मनकर्णेने त्या भिंतीलाच हात जोडले आणि आत जाऊन म्हणाली, "गड दिसला, आत्याबाई."

"नीट दिसला?"

"नीट."

"गोरक्षनाथा, तुझी किरपा." रतनबाईंनी कपाळाला हात लावला. "थाळी झाकून ठेव बाजेपाशी. जेवीन सावकाश."

डोळे गेल्यापासून म्हातारीचा नेम सुनेच्या डोळ्यांवर चालला होता. दूर उत्तरेला गोरक्षनाथाचा गड. साऱ्या गल्लीत तो दिसायचा फक्त त्यांच्या अंगणातून, दोन घरांच्या फटीतून. तो पाहिला असं सुनेने सांगितल्याशिवाय रतनबाई घास घेत नसत. पावसाळ्यात ढग उतरले की दोघी उपाशी राहायच्या, नाथाचं नाव घेत दिवस काढायच्या. मनकर्णेच्या तोंडून तेव्हा कधी खोटं निघालं नाही.

मग महायुद्ध संपलं, सिमेंट पुन्हा मिळू लागलं, आणि शेठने शेजारची कोष्ट्यांची घरं विकत घेतली. मागांची खटखट थांबली. बिऱ्हाडांसाठी मोठी इमारत उठू लागली. एका सकाळी मनकर्णा अंगणात आली तर गडाच्या जागी विटा. आदल्या दिवशी ढग होते. म्हातारीच्या पोटात काही नव्हतं. मनकर्णा बोलून गेली, "दिसला."

तेवढं एकदाच, असं तिला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी नाही म्हणायचं, तर कालचा घास नेम मोडून घेतला हे म्हातारीला कळणार. मग रोजच "दिसला". वेशीबाहेर जाऊन पाहून यावं, तर आंधळ्या जिवाजवळ दुसरं कोणी नाही. इमारतीवर चढावं, तर तिथे परक्या पुरुषांचा राबता. शेवटी खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून मनकर्णेने मीठ सोडलं.

"अळणी का खातीस गं?" रतनबाईंनी एकदा विचारलं होतं.

"नेम आहे."

"कशाचा?"

"सांगू नये म्हणतात."

"बरं. ज्याचा नेम त्याच्यापाशी."

भिंती तीन बाजूंनी चढल्या. ऊन अंगणात उतरेना, ओली लुगडी वाळेनात. रतनबाईंनी आपली बाज मागच्या खिडकीशी घ्यायला लावली. वारा लागतो म्हणाल्या. हात बाहेर काढला तर इमारतीला लागेल अशी ती खिडकी, तिथे कसला वारा! पण मनकर्णेने बाज ओढून दिली. मध्ये एक दिवस गच्च मळभ आलं होतं. त्या दिवशीही तिने "दिसला" म्हटलं, आणि थाळी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. "पोट बरं न्हाई," म्हातारी म्हणाली.

शेठचा मुकादम कानिफनाथ दर आठवड्याला यायचा. परवाही आला होता.

"आजी, या घराच्या बदली वरच्या मजल्यावर दोन खोल्या देतो म्हणतात शेठ. ऊन, वारा, सगळं. इथं तुमाला दिवसा कंदील लावायला लागतोय."

"मला रं काय? कंदील लावून तरी काय दिसायचंय?"

"सुनेचा तरी इचार करा."

मनकर्णेचा जीव गोळा झाला होता. वरच्या खोलीतून गड दिसेल. रोज खरं बोलता येईल. रतनबाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग मान हलवून म्हणाल्या, "माझी सून रोज हितूनच गड बघून सांगती. हितून दिसतोय तवर मी हालायची न्हाई."

"हितून? आवो आजी, हितून तर..." कानिफनाथ भिंतीकडे बघून हसलाच. मनकर्णेने पदराआडून हात जोडले, तसा तो उठून गेला.

त्या दिवसापासून तिला श्वास पुरेनासा झाला. खरं सांगावं तर म्हातारीचं पुण्य मातीत. न सांगावं तर दोघींनी या विहिरीच्या तळाशीच मरायचं.

आज इमारतीची वास्तुशांत होती. पलीकडून मंत्रांचा आवाज येत होता. मनकर्णेने देवापुढे दिवा लावला. आज सांगायचंच, असं ठरवून ती वळली, तो दारात कोणीतरी उभं. इमारतीवर घमेली वाहणारी लंकाबाई, डोक्यावर गाठोडं घेतलेली.

"ताई, हिकडं या जरा. हळू बोला." तिने मनकर्णेला अंगणाच्या कडेला नेलं. "आमची टोळी राहात्याला चाललीय, नव्या कामावर."

"मग?"

"सांगू नको अशी शपथ हाय मला. पर आज पूजा, आमाला वर सोडंनात. म्हातारी उपाशी हाय वो."

"उपाशी? सकाळीच वाढलंय मी."

लंकाबाईने मान खाली घातली. "भिंत वर आली त्या दिसापासनं मी रोज वरनं गड बघायची आन् मागच्या खिडकीत सांगायची. मंगच ती थाळी उघडायची. म्हणायची, गवंड्यांच्या आवाजावरनंच मी वळखलं भिंत आडवी आली, माझ्या पोटासाठी पोरीनं पाप पदरात घेतलंय. मला कळलंय हे तिला कळलं तर ती मान वर करायची न्हाई."

मनकर्णेने दारातून आत पाहिलं. थाळी झाकलेलीच होती. रतनबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"तू खिडकीपाशी जा," ती लंकाबाईला म्हणाली. "मी वरून गड बघून पदर हलवला की तूच सांग, तुझ्या तोंडाने. उद्यापासून माझं मी बघेन."

शुभकार्याच्या घरी विधवेने जाऊ नये, हे तिला ठाऊक होतं. तिने पदर डोक्यावरून घेतला, आणि आवाज न करता ती शेठच्या नव्या जिन्याकडे निघाली.