धाकटीची गोळी

औषधांच्या दुकानात शिरताच रेवतीने विचारलं, "काका, धाकटीने गोळी खाल्ली?"

धाकटी म्हणजे रेवतीच्याच पेशींपासून बशीत वाढवलेलं तांदळाएवढं फुप्फुस. जुन्या गोळीने रेवतीची आखडलेली बोटं सुटली होती, पण फुप्फुसं कडक होऊ लागली, म्हणून ती बंद करावी लागली. तेव्हापासून नवी गोळी आधी धाकटीला. आधीच्या दोन गोळ्यांनी पहिल्या दोघी बशीतच काळवंडल्या होत्या.

"महिनाभर रोज खातेय," काका म्हणाले. "बघ, कशी गुलाबी. तुझ्यासारखी कुरकुरतही नाही."

इवलासा दाणा फुगत होता, बसत होता. रेवतीच्या कडेवरच्या लेकीच्या झबल्याचे बंद सुटले होते. रेवतीची बोटं पुन्हा आखडलेली, म्हणून जन्मापासून ते सासूबाईच बांधत होत्या.

"पाणी द्या, काका," रेवती म्हणाली. "धाकटीचं झालं. आता आईनं खायला हरकत नाही."