गरम भिंत

"तपासणीची गाडी आली! ओढ ती चादर!"

बेकरीवाल्याच्या बायकोने ओव्हनवरची चादर खेचली आणि वरचे रिकामे डबे काखोटीला मारले. सरकारने हा विजेचा ओव्हन निम्म्या किमतीत दिला होता. अट एकच, लाकडाची भट्टी कायमची बंद. आणि हा पठ्ठ्या रोज भट्टीच पेटवत होता. ओव्हन डबे ठेवायला. आज तपासणी, म्हणून भट्टीला एक दिवसाची सुट्टी. तिच्या तोंडाशी मैद्याची पोती रचलेली.

"आतून पांढरा आहे होय हा!" बायको म्हणाली.

"दात काढू नकोस. पकडलो तर ओव्हन जाईल, परवानाही जाईल."

तपासणीच्या बाई आत आल्या. त्यांनी समोरच ओव्हन लावायला सांगितला आणि निघालेला पाव बोटाने दाबला. तो दबला आणि टुणकन वर आला. बेकरीवाला स्वतःच बघत राहिला. ओव्हनच्या पावाला चव नसते, असं तो गावभर सांगत फिरला होता. लावून मात्र आज पहिल्यांदा बघत होता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या म्हातारबाबांची सून धावत खाली आली. हातात वर्तमानपत्रांचा बोळा, धुराने काळाकुट्ट झालेला.

"दादा, खिडकीवरचे कागद फाडून टाकले बघा! भट्टी बंद केलीत, लई बरं झालं. सासरे सकाळपासून खिडकीत बसलेत. एकदासुद्धा खोकले नाहीत."

बेकरीवाला पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचं पीठ उकरत राहिला. बाई हसून सुनेला वाट द्यायला मागे सरकल्या, पोत्यांमागच्या भिंतीला हात टेकला आणि झटकन काढून घेतला. विटांची भट्टी ती. कालची धग एका दिवसात थोडीच जाते?

सून वर गेली. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"वर त्यांना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

तो जिना चढला. कान तापलेले, नजर पायऱ्यांवर. म्हातारबाबा खिडकीत बसले होते, डोळे मिटून, तोंड वाऱ्याकडे करून. त्याने बोलायला तोंड उघडलं.

"तपासणी झाली का रे?" डोळे न उघडताच म्हातारबाबांनी विचारलं. "सुनेला म्हटलं होतं, कागद फाडू नकोस. ऐकते कुठे! बरं, भट्टी पेटवायच्या आधी तेवढी हाक मार. खिडकी लावून घेतो."