मौनातली हाक

वैशाखरे गावच्या वत्सलाबाई दर सोमवारी दिवस मावळेपर्यंत मौन पाळत. अशाच एका सोमवारी, शहापूरच्या दवाखान्यात मेंदूच्या ऑपरेशनआधीची तपासणी चालू असताना, त्यांच्या लेकीला, कुणालीला फिट आली आणि पोरीचं हृदय अकरा सेकंद थांबलं.

संध्याकाळी डॉक्टर हरखून तपासणीचा व्हिडिओ दाखवू लागले. "बाई, तुमच्या हाकेसरशी हृदय चालू झालं बघा!"

"ऊठ गो माझे बाय!" पडद्यातून वत्सलाबाईंचाच आवाज आला. पडद्यावर त्यांचे ओठ मात्र घट्ट मिटलेले होते.

कुणाली टाळ्या पिटत हसली. "आये, मौन मोडलंस ना माझ्यापायी?"

डॉक्टरांनी व्हिडिओ थांबवला. दिवस मावळला होता. वत्सलाबाईंनी घाईघाईनं तोंड उघडलं.

"नाय गो, मी नाय बोलले!" शब्द आले ते थांबलेल्या पडद्यातून.