गुरुवारचं पीठ

दर गुरुवारी गावात दिवसभर लाईट नसते, आणि शकूची पिठाची गिरणी बंद राहते. चाकणजवळच्या या गावच्या शिवारात डेटा सेंटर येणार आणि गॅसवर स्वतःची वीज तयार करणार म्हटल्यावर बायका धुराला बिचकल्या. तेव्हा तिचे चुलत दीर, सरपंच दादासाहेब, भर ग्रामसभेत म्हणाले, "गुरुवारी त्यातली वीज आपल्याला मिळंल. वहिनी, तुमची गिरणी पयली चालू व्हईल." शकूनं सगळ्यांत आधी हात वर केला. तिच्याकडं बघून बाकीच्या बायकांनीही केले.

वीजघर धडधडायला लागून वर्ष झालं, गुरुवार काही बदलला नाही. विचारलं की दादासाहेब म्हणायचे, "कंपनी कुणालाच वायर देत न्हाई, वहिनी. मी तरी काय करू?" शकूला उलट त्यांचीच कीव यायची.

आजही सकाळपासून लाईट नव्हती, आणि दुपारी अचानक पाहुणे आले. गिरणीवाली असून पीठ उसनं मागायचं, म्हणून स्वतःशीच हसत ती पातेलं घेऊन दादासाहेबांच्या घरी गेली. त्यांच्या सुनेनं, तनुजानं, आतून पातेलं भरून आणून दिलं.

शकूनं सवयीनं पिठात हात घातला.


पीठ अजून गरम होतं.